ओठ मिटून वाचायची परीक्षा

अमेरिकेत फ्रीमाँटला मुलाकडे राहत होतो, तेव्हा शेजारच्या मेक्सिकन घरातली कॉलेजात जाणारी मुलगी एकदा रडवेली होऊन सुनेकडे आली. घरात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची कॉलेजात परीक्षा घेतली होती. कॉम्प्युटरवर एकेक शब्द दिसणार, वाचला की बटण दाबायचं, कोण कुठे किती अडलं ते यंत्र मोजणार. ही जागोजागी अडली. स्पॅनिश शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुझं व्याकरण अर्धवट राहिलंय." आता पोरगी स्पॅनिशचा वर्गच सोडणार म्हणत होती.

सुनेनं मला हे मराठीत सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं.

"तिला विचार, ओठ हलवू दिले का?"

"नाही बाबा. मनातच वाचायचं होतं."

मी चौथी शिकलेला. अजून पेपर मोठ्यानं वाचतो, मुलगा वैतागतो. कानानं शिकलेली भाषा कानाला ऐकवावी लागते, एवढं त्या शहाण्यांना कळू नये?

त्याच दिवशी तिच्या आजीचं स्पॅनिशमधलं पत्र आलं होतं, ते तिच्या हातातच होतं. ते मी सुनेकरवी तिला फोडून मोठ्यानं वाचायला लावलं. मला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही, पण पोरगी कुठे अडली नाही. मध्येच हसलीसुद्धा.

"उद्या हे त्या बाईंसमोर असंच वाच, आणि अर्धवट कोण ते विचार!"

"बाबा, असं कसं सांगू तिला?"

"जसंच्या तसं सांग."

सुनेनं सांगितलं. पोरीनं डोळे पुसले आणि पत्र कॉलेजच्या पिशवीत टाकलं.