ढिला सोड हात

खाला बांगड्या भरायला बसली की आधी माप विचारायची नाही. समोरच्या बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायची, जरासा दाबायची आणि म्हणायची, "आज घरात वाजलंय व्हय?" बहुतेक वेळा वाजलेलं असायचंच.

आमचं गाव शिरूर कासारपासून जवळ. तिथून ती डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन यायची. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्याहून थोरल्या म्हाताऱ्यासुद्धा तिला खालाच, म्हणजे मावशीच म्हणत. काचेची बांगडी हातात चढवणं म्हणजे बाईला बोलतं करणं, अशी तिची रीत होती. अंगठा आत दुमडून पंजा चेपता चेपता ती कोंबडीचं, सुनेचं, कशाचंही बोलत राही. "ढिला सोड हात, बाई. नवऱ्यावरचा राग माझ्या काचेवर कशापायी काढतीस?" बाई हसली की बांगडी सुळकन मनगटात.

राग उतरल्याशिवाय बांगडी नाही, हा नियम तिला स्वतःलाही लागू होता. एकदा ती आली, पेटी उतरवली आणि नुसतीच लिंबाखाली बसून राहिली. बायका गोळा झाल्या तरी पेटी उघडेना. "थांबा गं जरा. आज माझ्याच घरात वाजलंय. आधी मी थंड होते, मग तुमचा हात धरते." तिच्या नवऱ्याचा फळांचा गाडा होता. ऊन तापलं की त्याचंही डोकं तापे. खालाने तांब्याभर पाणी प्यायलं, पदराने तोंड पुसलं, नवऱ्याला दोन सणसणीत शिव्या दिल्या आणि शेवटी स्वतःच हसली. "चला, झालं. कोण बसतंय पुढं?"

आता माझ्या लग्नाचं सांगते, कारण खाला मला खरी कळली ती तेव्हा.

माझे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून मी काकूकडे, म्हणजे चुलतीकडे राहायची. काकूचं घर आमच्या भिंतीला लागूनच. तिने माझ्या वेण्या घातल्या, तापात उशाशी बसली, मी बीडला कॉलेजला निघाले तेव्हा डब्यात धपाटे बांधून दिले. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले, त्यात आईवडिलांचा घाम आहे तसा काकूचा जीवही आहे.

लग्न ठरलं, आणि आईने काकूला आवतन पाठवलं ते मोबाईलवर. पत्रिकेचा फोटो. आमच्याकडे भावकीला दारात जाऊन, कुंकू लावून आवतन देतात, आणि इथे मधे फक्त एक भिंत! काकूने फोटो पाहिला आणि आमचा उंबरा ओलांडायचं बंद केलं. "भिंतीपल्याडून मोबाईल? मी काय मुंबईला हाय व्हय?" हे तिने गल्लीतल्या सगळ्यांना ऐकवलं. आईही हटेना. "पाठवली की पत्रिका. समद्यांना तशीच पाठवली." तसं नव्हतं. बाकी सगळ्या घरांत ती स्वतः करंडा घेऊन फिरली होती. काकूशिवाय मी अंतरपाटासमोर उभीच कशी राहणार होते?

बांगड्यांच्या दिवशी अंगणात बायका जमल्या. माझा हिरवा चुडा भरून झाला, मग आई पुढे बसली. एक हात कसाबसा भरला. दुसऱ्या हातात पहिलीच बांगडी घालताना कट्‌कन आवाज झाला. लग्नघरात बांगडी फुटली असं तोंडाने म्हणतही नाहीत.

"वाढली," खाला शांतपणे म्हणाली. काच बाजूला ठेवली आणि आईचा हात पुन्हा हातात घेतला. "कुणाचा राग हाय?"

"कुणाचा न्हाई."

"मग ही मूठ कशापायी?"

आईने आपल्या मुठीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "आमी ऊस तोडून घरी यायचो, तवा ही पोर माझ्याजवळ यायची न्हाई. काकूच्या पदराआड लपायची. आता समदे म्हणतेत, काकूनं पोरगी घडवली. मग मी कोण, खाला?"

इतकी वर्षं आईने हे कुठे ठेवलं होतं?

खालाने उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, "हे तिला माहीत हाय का?"

"न्हाई."

"मग ती बिचारी नुसती मोबाईलवरूनच भांडत बसली असंल की!"

बायका फिसकन हसल्या. आईलाही हसू आवरेना, डोळ्यांत पाणी असतानाच. "जा, कुंकू घेऊन जा," खाला म्हणाली. "ह्यो हात आल्यावर भरते."

एक हात भरलेला, एक मोकळा, अशी आई करंडा घेऊन गेली. भिंतीपलीकडून काकूचा आवाज आला, "आता कशाला आलीस? मोबाईललाच लाव की कुंकू!" मग आई हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. नंतर कुणीतरी नाक ओढलं. आणि मग पुन्हा काकू, या वेळी ओलसर आवाजात, "अगं येडे, पोरगी माझ्याजवळ निजायची, पण झोपेत 'आई, आई' करायची. तू कधी इचारलंस का मला?"

थोड्या वेळाने दोघी आल्या. काकूच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत सांडलं होतं. खालाने तिचा हात दाबून पाहिला. "हिचीबी मूठच! जावा जावा एकाच मापाच्या." "गप भर गं," काकू म्हणाली. लग्नात अंतरपाटाआड माझ्या एका खांद्यावर आईचा हात होता, एकावर काकूचा.

सासरी, ऑफिसात, अजूनही माझं कुणाशी बिनसतं. उलट उत्तर ओठांवर येतं तेव्हा मी आधी हाताकडे पाहते. मूठ वळलेली असते. ती सोडते आणि मग बोलते. प्रत्येक वेळी जमतंच असं नाही.

खाला आजारी आहे कळल्यावर मी शिरूर कासारला गेले. खाटेवर अगदी एवढीशी झाली होती. तिचं बोलणं मात्र तसंच. माझ्या मोकळ्या मनगटाकडे पाहून म्हणाली, "ऑफिसात बांगड्याला सुट्टी हाय व्हय?" मग तिने आपला हात माझ्यापुढे केला. "मी समद्यांचा बघितला. तू माझा बघ. घट्ट हाय का?"

मी तो दोन्ही हातांत घेतला, तिच्यासारखाच जरासा दाबला. सायीसारखा मऊ होता.

"न्हाई, खाला. एकदम ढिला हाय."

"मग बरं हाय," ती म्हणाली आणि हसली. ती आमची शेवटची भेट. निघताना तिच्या सुनेने तीच जुनी पेटी उघडली आणि मी हात पुढे केला.