मावशीच्या नावाचा डबा

फोन झुबेदाआपांचा होता. "सुलू गेली, बेटा... सकाळी चहा घेतला, साखर जास्त घेते म्हणून मला दटावलं आणि खुर्चीतच मान टाकली." कोन गावाजवळच्या वृद्धाश्रमात माझी सुलूमावशी आणि उरणच्या आपा एकाच खोलीत राहायच्या. शेवटचं वाक्यसुद्धा दटावणीचं! रडता रडता मला हसू आलं. भरल्या वयात असं मरण... भाग्यवान हो माझी मावशी.

ती तिथे हौसेनं गेली होती. "पनवेलचा फ्लॅट खायला उठतो. इथे भांडायला माणसं तरी आहेत," म्हणायची. रिकामी डबी टाकवत नाही अशी आपली जात, त्यात मावशी अट्टल. गोळ्या पाकिटातून सोलून ती बडीशेपेच्या डबीत भरायची. आपांनाही तिनं तश्शीच डबी दिली. व्हायचं तेच झालं. एका दुपारी आपांनी प्रेशरची समजून मावशीची डायबेटिसची गोळी घेतली आणि त्या घामाघूम होऊन थरथरायला लागल्या. नर्सनं लगेच साखरपाणी पाजलं, डॉक्टर आले, म्हणून निभावलं. मी पोचले तरी मावशी आपांचा हात सोडेना. "माझ्या काटकसरीनं हिचा जीव घेतला असता गं!" तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पण घाबरून बसेल ती मावशी कसली! मॅनेजर म्हणाले, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवू. मावशी म्हणाली, "चिठ्ठ्या दमट हवेत निघतात. चोरीला जाऊ नये म्हणून पेल्यावर नाव घालतो, मग औषधाला नको?" तिनं बाजारातून भांड्यांवर नावं घालणारा बोलावला. प्रत्येकाला नाव कोरलेला स्टीलचा डबा, आत गोळ्या पाकिटासकट, आणि सगळे डबे नर्सच्या कुलूपबंद कपाटात. एकाचा डबा दुसऱ्यानं वापरायचा नाही. गुडघ्यावरची गोळी कुणी कुणाला देऊ केली, की मावशी कडाडायची, "लोणचं आहे का वाटायला?" आश्रम तिला टरकून असायचा, आणि आपा खुशीत हसायच्या.

तेराव्यानंतर मी आश्रमात गेले, तेव्हा आपांनी तिचा डबा माझ्या हातात दिला. "गोळ्या नर्सकडे दिल्या. रिकामा डबा देऊ नये, मला कळतं... पण औषधाच्या डब्यात खाऊ घातला तर वरून ओरडेल ती." नानकटाई त्यांनी वेगळ्या पुडीत बांधली होती.

परवा माझी प्रेशरची गोळी सुरू झाली. पाकीट त्या डब्यात ठेवायला गेले, झाकण उघडलं आणि थांबले. नाव तिचं आहे ना! पाकीट दुसरीकडे ठेवलं. मावशीचा डबा फळीवर रिकामाच आहे.