भागाबाईच्या सुपातलं तालीसपत्र

पारोळ्यात माझ्या वैद्यकीचं नाव झालं, त्यात निम्मा हात भागाबाईचा होता. हे चारचौघांत कबूल करायला मला पंचवीस वर्षं लागली, कारण माझा स्वभाव!

भागाबाई माझ्याकडे औषधं कुटायला यायची. अक्षरओळख नाही, पण काहीही सुपात घेऊन निवडल्याशिवाय उखळात टाकायची नाही. "लग्नाचे तांदूळ आहेत का?" असं मी चिडवायचो. ती निवडतच राहायची.

१९२१ साली माझी बायको सुनंदा बाळंतपणानंतर खोकल्याने अंथरुणाला खिळली. रात्रंदिवस ढास, बोलायलाही दम पुरेना. मी धुळ्याहून तालीसपत्राचं गाठोडं मागवलं. हिमालयातल्या या सदाहरित झाडाच्या पानांत सुगंधी तेल असतं, त्याने कफ सुटतो.

भागाबाईने पानांचे दोन ढीग केले. एकातल्या पानांचं टोक बोथट, मध्ये खाच, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा. दुसऱ्यातली टोकदार, रेघा नसलेली.

"भाऊ, हाई पान न्यारं शे. येले वास नही," ती तिच्या अहिराणीत म्हणाली.

"हिमालयातलं झाड तू कधी पाहिलंस?" मी खेकसलो.

"झाड नही देखं. पान देखी ऱ्हायनू."

बायको आत खोकत होती आणि ही मला शिकवत होती! मी स्वतःच मुसळ उचललं. तिने टोकदार पानांचं सूप ओढून घेतलं आणि परसातल्या उकिरड्यावर रितं केलं. मी तिला नको नको ते बोललो.

कामाला येताना ती आपली एकुलती दुभती बकरी सोबत आणून परसात बांधायची. आमच्या भांडणात बकरीने दावं तोडलं आणि उकिरड्यावरची ती पानं खाल्ली. दिवस मावळायच्या आत बकरी तडफडून मेली.

गाठोड्यात दुसऱ्याच कुठल्यातरी विषारी झाडाची पानं मिसळलेली होती. तीच पानं मी सुनंदाला मधातून चाटवणार होतो.

राहिलेल्या ढिगातलं प्रत्येक पान भागाबाईने पुन्हा निवडलं, मग कुटलं. आठ दिवसांत ढास उतरली. मी तिच्या दारात नवी बकरी नेऊन बांधली आणि माफी मागितली. मेलेल्या बकरीच्या आठवणीने तिने डोळे पुसले.

"बकरीनं दुख शे, भाऊ. पन वयनी वाचन्यात."

भागाबाई जाऊन आता सहा वर्षं झाली. सुनंदा दिवसभर नातवंडांवर ओरडत असते, एका दमात, चार घरांना ऐकू जाईल अशी. सगळे कानांवर हात ठेवतात. मी मात्र ऐकत बसतो.