अक्काचा एपिसोड

धुळ्याला एम.ए. करत होते तेव्हा आम्ही काही मुलं कॉलेजचा पॉडकास्ट चालवायचो. नावात मात्र 'रेडिओ' होतं, कारण आमच्या सरांना तो शब्द आवडायचा. ग्रंथालयामागे जुनी बाकं ठेवायची एक खोली होती, ती त्यांनी आम्हाला मिळवून दिली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर आम्ही घरून आणलेल्या गोधड्या टांगल्या होत्या. बाहेर ऊन रणरणत असलं की त्या खोलीत बसवत नसे, कारण रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद ठेवावा लागे.

बोलणारे मुख्यतः दोघं, मी आणि शिंदखेडा तालुक्यातला माझा एक वर्गमित्र. मी जामनेरची. आमच्याकडची बोली वेगळी, त्यामुळे त्याची अहिराणी मला सगळी कळायची नाही आणि तो त्यावरून माझी थट्टा करायचा. आम्ही होस्टेलच्या मेसवर बोलायचो, एकांकिका स्पर्धेच्या तालमींना जायचो, बाजारात भरताची वांगी विकणाऱ्या बायकांशी गप्पा मारायचो. ऐकणारी मुलं बहुतेक आमच्याच ओळखीची. कुणी जिन्यात भेटून "छान झालं" म्हटलं, की दिवस चांगला जायचा.

एका दुपारी दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची असेल. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. नरडाण्याजवळच्या खेड्यातून एस.टी.ने आली होती. तिच्या शेजारची मुलगी आमच्या कॉलेजात शिकायची, तिने सांगितलं होतं म्हणे.

"आठे रेडिओ शे ना?" तिने विचारलं.

मित्राने तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिने जे सांगितलं ते असं. तिचा धाकटा भाऊ लहानपणापासून डोक्याने जरा अधू. आईवडील गेल्यावर तिच्याकडेच राहायचा. गुरं सांभाळायचा, सांगितलेलं काम करायचा. त्याच्या गळ्यात दोरीने बांधलेला छोटा रेडिओ असे, तो झोपतानाही काढत नसे. त्याला रेल्वे बघायचा नाद. नरडाणा स्टेशनवर जाऊन बसायचा आणि दिवस कलला की परत यायचा. पोळ्यानंतर एक दिवस गेला तो आलाच नाही. पोलिसात तक्रार झाली होती. नातेवाईक सुरतेच्या बाजूला आणि भुसावळच्या बाजूला जाऊन आले होते.

"त्याले मोबाईल समजत नही," ती म्हणाली. "पन रेडिओ ऐकस. मन्हा आवाज ऐकना तर तो घर यी."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मित्र तिला समजावू लागला. "अक्का, हाई रेडिओ नही शे. हाई मोबाईलवर ऐकतस. त्याना रेडिओवर हाई लागाव नही."

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मायक्रोफोनकडे बोट दाखवून म्हणाली, "पन आवाज बाहेर जास ना?"

"जास," तो म्हणाला.

"मंग झायं."

आम्ही रेकॉर्डिंग केलं. तिने भावाला घरच्या नावाने हाक मारली, ते नाव मी इथे लिहीत नाही. म्हणाली, "मी अक्का बोली ऱ्हायनी. तू जठे व्हशी तठेन घर ये. तुले कोनी रागे भराव नही." पुढे गाईला वासरू झाल्याचं सांगितलं. मग पदर सारखा करून म्हणाली, "जेवस का नही तू?" एवढं बोलून ती मायक्रोफोनपासून मागे सरकली. मित्राने मशीन बंद केलं. शेवटी आम्ही माझा फोन नंबर जोडला.

सरांनी ते ऐकलं आणि चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, "ज्याच्यासाठी आहे तो सोडून सगळे ऐकतील रे हे." मग स्वतःच म्हणाले, "खऱ्या रेडिओवाल्यांना भेटा."

म्हणून आम्ही जळगावला रेडिओ केंद्रावर गेलो. तिथले अधिकारी भले होते. पोलिसांचं पत्र आणा म्हणाले. ते आणायला आमचे बरेच दिवस गेले, पण आणलं. निवेदन प्रसारित व्हायचं होतं त्या दिवशी अक्का मुद्दाम आमच्या खोलीत येऊन बसली. मित्राने कुठून तरी एक रेडिओ आणला होता. निवेदकाचा आवाज स्वच्छ, मराठी शुद्ध. रंग सावळा, बांधा सडपातळ, अंगात पांढरा सदरा, सदर इसम आढळून आल्यास. अक्का कान देऊन ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "हाऊ कोन शे? याना आवाज तो कसा वळखी?"

रेडिओ केंद्राकडे अक्काचंच रेकॉर्डिंग लावा अशी विनंती आम्ही केली होती. तसं करता येत नाही, असं त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. ते अक्काला सांगायची वेळ माझ्यावर आली. माझी अहिराणी तोकडी, तिला माझी मराठी निम्मी कळत होती. मी काय सांगितलं कोण जाणे. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाई. तू दमनी."

इकडे आमचा एपिसोड मात्र व्हॉट्सअॅपवर फिरू लागला. गावोगावचे फोन यायला लागले. कुणी रडायचं, कुणी आशीर्वाद द्यायचं, कुणी नुसतंच "सापडला का?" विचारायचं. एकाने धरणगावहून फोन केला. कापसाच्या जिनिंग मिलच्या बाजूला एक माणूस फिरतो, गळ्यात रेडिओ असतो, वय तेवढंच. सुरत-भुसावळ लाईनवरचंच गाव. आम्हाला वाटलं, हाच.

अक्काला घेऊन आम्ही दोघं गेलो. जाताना ती गाडीत पहिल्यांदाच मोकळी बोलली. भाऊ लहान असताना विहिरीत डोकावून स्वतःच्याच आवाजाला ओ द्यायचा, वगैरे. धरणगावला कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. फोन करणारा माणूस आम्हाला एका चहाच्या टपरीमागे घेऊन गेला. तिथे एक जण सावलीत बसला होता. दाढी वाढलेली, गळ्यात रेडिओ. तो वाजत नव्हता.

अक्का दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. "हाऊ मन्हा भाऊ नही," म्हणाली.

फोन करणाऱ्या माणसाचा चेहरा पडला. तो आमचीच माफी मागू लागला. आम्ही परत वळलो, तर अक्का तिथेच खाली बसलेली. तिने पिशवीतून भावासाठी आणलेली भाकरी आणि मिरच्यांचा ठेचा काढला आणि त्या माणसापुढे ठेवला. "खाई ले," म्हणाली. तो खाऊ लागला.

"तुन्हं गाव कोनतं रे, भाऊ?"

त्याने भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. तिने पुन्हा विचारलं, आईबापाचं विचारलं. तो खात राहिला. मित्राने मोबाईल काढून त्याच्यासमोर धरला. निदान आवाज तरी मिळाला तर कुणी ओळखेल, असं त्याला वाटलं असावं. माणूस मोबाईलकडे बघून हसला आणि भाकरीचा तुकडा मोबाईलपुढे धरला. मित्राने मोबाईल खिशात टाकला. पोलिसात कळवायला गेलो, तर तिथे त्याच्याबद्दल आधीच माहीत होतं. त्याला शोधत कुणी आलेलं नव्हतं.

अक्काला गावी सोडून आम्ही धुळ्याला परतलो. मला त्या दिवशी इतकं रिकामं वाटलं की पुढचा एपिसोड, स्नेहसंमेलनाचा, मला करवेना. तो करावाच लागला. आम्ही विनोद करत होतो आणि दाराबाहेर बाकावर अक्का बसली होती. तिला काही नको होतं. बाजाराला आली की ती तिथे येऊन बसायची, "काही समजनं का?" विचारायची आणि नाही म्हटलं की उठायची. हळूहळू फोन थांबले. काही पोरं उगाच फोन करून "मी तुमचा भाऊ बोलतोय" म्हणायची. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

परीक्षा झाली, आम्ही पांगलो. मित्र पुण्याला गेला. मी जळगावला शिकवते. पॉडकास्ट आता दुसरी मुलं चालवतात. त्यांच्याकडे चांगला मायक्रोफोन आहे, भिंतींना फोम आहे. परवा त्यांच्यातल्या एका मुलीने फोन केला. ते सगळं नव्या नावाने सुरू करणार होते, जुने एपिसोड काढून टाकायचे होते. "मॅम, तुमचा तोही काढू का?"

"दोन दिवसांनी सांगते," मी म्हणाले. रविवारी मी अक्काच्या गावी गेले. अंगणात ती चारा कापत होती. केस बरेच पिकले होते. तिने चहा केला, माझ्या लेकराची चौकशी केली. भावाचा विषय मीच काढला. तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही ते रोज लावतस ना?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो आवाज रोज कुठून तरी हवेत सोडला जातो. मी समजावून सांगायला तोंड उघडलं.

"लावतात, अक्का," मी म्हणाले.

"सांजले लावाले सांग. दिवसभर तो ढोरेसमांगे ऱ्हास, सांजले ऐकस." एवढं बोलून तिने पुन्हा विळा हातात घेतला.

त्या मुलीला मी एवढंच कळवलं की तो एक एपिसोड राहू दे. तिने ठेवला आहे, सगळ्यात खाली.