फळीवरचा पांढरा चौकोन

माझी एक तक्रार आहे आणि ती मी पूर्ण गांभीर्याने मांडतो आहे. पोलिसांची ती काळी भुकटी पांढऱ्या दारावरून जात नाही. लिंबू झालं, रॉकेल झालं, बायकोचा जळजळीत कटाक्ष झाला... दार बिबट्यासारखं ते बिबट्यासारखंच.

झालं असं, की मागच्या महिन्यात आम्ही दोघं लग्नाला जळगावला गेलो. दोन दिवसांनी बऱ्हाणपूरला परतलो तर मागच्या दाराचं कुलूप कडीला नुसतं लटकलेलं. तुटलेलं नाही, उघडं. आणि मधल्या खोलीतल्या वरच्या फळीवरून आईच्या पाटल्यांची पत्र्याची पेटी गायब!

ठाण्यात फोन केला. "किसी चीज़ को हाथ मत लगाना," असं बजावलं गेलं. ते मी हिला शब्दशः सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि झाडू हातात घेतला... "घरात चार परकी माणसं येणार आणि हा पसारा?"

पोलीस पोचेपर्यंत मागची पायरी धुऊन तिच्यावर रांगोळीही निघाली होती. चोराची पावलं उमटली असलीच, तर ती एव्हाना मोरीतून तापीकडे निघाली होती.

हेड कॉन्स्टेबल आले, त्यांना आमच्याकडे दीवानजी म्हणतात. बरोबर ठसे घेणाऱ्या एक मॅडम, मूळच्या नेपानगरच्या, म्हणजे माझ्याच गावच्या. दाराला भुकटी लावली ती त्यांनीच. दीवानजींनी वही उघडून विचारलं, "किसी पे शक, गुरुजी?"

मी कमलाबाईचं नाव सांगितलं.

कमलाबाई मूळची तुकईथडची. बारा वर्षं आमच्याकडे धुणीभांडी करते, मागच्या दाराची दुसरी किल्ली तिच्याकडे असते. शिवाय मला पक्कं आठवत होतं, की गेल्या गणपतीत मी पेटी खाली काढून पाटल्या बघितल्या आणि तेव्हा ती तिथेच फरशी पुसत होती. शाळेपासून सगळी शब्दरूपं ज्याला पाठ, त्या माणसाच्या आठवणीवर शंका कोण घेणार? मी तरी घेतली नाही.

तिला बोलावणं गेलं. घरात वावरणाऱ्या सगळ्यांचेच ठसे घ्यावे लागतात, आमचेही घेतले. पण आम्ही लगेच साबणाने हात धुतले... ती मात्र ओट्यावर तशीच बसून राहिली. शाई पदराला लागू नये म्हणून दहाही बोटं हवेत धरून. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. हिला एवढंच म्हणाली, "ताई, मी त्या पेटीले कधी हात नाही लावला. गावात आता काय तोंड दाखवू?"

मॅडम स्टुलावर चढल्या. ही घाईघाईने फडकं घेऊन पुढे झाली, तर त्या जवळजवळ ओरडल्याच, "वहिनी, धूळ राहू द्या!" हिच्या संसारात असं वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं असावं. मग त्यांनी टॉर्च फळीला अगदी चिकटवून आडवा धरला, शेजारी छोटी पट्टी ठेवून फोटो काढले आणि मला म्हणाल्या, "सर, तुम्ही वर या. स्वतः बघा."

मी वर चढलो आणि आधी दिसले ते बाबा.

फळीवर कागद होता, बाबांनी अंथरलेला. बाबा नेपानगरच्या कागद कारखान्यात होते. दर दिवाळीला क्वार्टरमधल्या सगळ्या फळ्यांवरचा कागद बदलायचे. वर्तमानपत्राचा, पण कोरा, अजून एकही बातमी न लागलेला! घरभर ओल्या बांबूसारखा वास सुटायचा. कडा दुमडताना दरवर्षी तेच सांगायचे, "हा कागद मोठा भित्रा. उजेड बघितला की पिवळा पडतो." या घरातला हा कागद त्यांच्या हातचा शेवटचा. ते गेल्यावर बदलायला माझा हात धजला नाही.

सगळा कागद पिवळा पडला होता. मधोमध पेटीएवढा चौकोन तेवढा फिकट, जवळजवळ पांढरा. आणि त्या चौकोनावर धूळ होती... सलग, मऊ. एका कोपऱ्यात कोळ्याने संसारही थाटलेला.

"पेटी या दोन दिवसांत गेली असती, तर हा चौकोन स्वच्छ असता," मॅडम हळूच म्हणाल्या. "ती फार आधी उचललीय, सर. जरा नीट आठवा."

मला काहीच आठवेना. आठवलं हिला, बँकेचा लॉकर. दुसऱ्या दिवशी उघडला तर पेटी आत! लॉकरच्या रजिस्टरमध्ये मे महिन्यातली, म्हणजे त्या गणपतीच्याही आधीची माझी सही, सगळ्या वेलांट्यांसकट. तेव्हा ही माहेरी होती. कुलपाचाही उलगडा झाला... लग्नाला निघताना शेवटी मागच्या दाराने मीच बाहेर पडलो होतो, कुलूप न दाबताच.

ठाण्यात जाऊन लिहून दिलं. दीवानजी हसले, "चलो गुरुजी, चोर तो पकड़ा गया."

मग कमलाबाईच्या घरी गेलो आणि हात जोडले. ती म्हणाली, "भाऊ, त्या फळीले माझा हातच पुरत नाही. बारा वर्षांत तुमाले एवढंबी दिसलं नाही?"

ती अजून येते, भांडी तशीच लख्ख घासते. मागच्या दाराची किल्ली मात्र आमच्या खिळ्याला अडकवून गेली. रोज सांगतो, घेऊन जा. नेत नाही.

मॅडमचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो. एका बाईची अब्रू त्यांनी धुळीत शोधून काढली, नाहीतर ती मीच धुळीला मिळवली होती.

विसरलो, याचं फारसं वाटत नाही, वय झालं. पण गणपतीतली ती दुपार मला आजही दिसते... पेटीचं झाकण करकरतंय, कापसात पाटल्या आहेत, कमलाबाई फरशी पुसतेय. यातलं काहीही घडलेलं नाही. तरी आत्ता हे लिहितानाही दिसतंय. मला भीती वाटते ती याची.