वलांडींना वळसा घालणारं कॉलेज

घासाघीस न करता मला हरवणारा माणूस सबंध पालघर-बोईसर पट्ट्यात एकच झाला, आणि तो पांढऱ्या झग्यातला. रेतीच्या एका जुन्या ट्रकवरून मी बिल्डर झालो, भल्याभल्यांना घाम फोडला. पण चिंचणीजवळच्या शाळेचे हे फादर आपण तावातावानं बोलून थकलो की "बरं" म्हणायचे आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून जायचे. भांडायचं कुणाशी? कोंबड्यांशी?

सगळंच उफराटं. हजेरी आईच्या नावानं: "हिराची सुनंदा! काशीचा विलास!" तपासणीच्या साहेबांनी हटकलं, तर म्हणाले, "बाप समुद्रावर असतात, साहेब. शाळेत धाडते ती आई." शाळा सुरूच तशी झाली होती. चर्चच्या आवारात बांबूंना दोऱ्या ताणून केलेल्या वलांडींवर कोळणी बोंबील वाळत घालायच्या, सोबतची पोरं कावळे हाकायची. फादरांनी त्यांना तिथंच बसवून अक्षरं गिरवायला लावली. पुढे चर्चनं खोल्या बांधल्या, दहावी आली, बारावी आली आणि शेवटी कॉलेजला मंजुरी मिळाली.

इमारतीचं काम माझ्याकडे. मी नकाशा नेला: रस्त्याला तोंड, सरळ, छाती काढून उभी. फक्त वलांडी हलवायच्या होत्या. सुनंदाची आई हिराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी नाय हलनार, शेट. तुमची बिल्डिंग हलवा!"

मी उसळलो. "कॉलेजात बोंबलाचा वास? कोण येईल शिकायला?"

"वलांडी गेल्या तर आया जातील, आयांमागे पोरी," फादर म्हणाले. "मग वर्गात कुणाला बसवू, शेठ? तुम्हाला?"

मी घसा बसेपर्यंत ओरडलो. "बरं," म्हणाले आणि कोंबड्यांकडे गेले.

कॉलेज वलांडींना वळसा घालून, कोपरात मुडपलेल्या हातासारखं उभं राहिलं. अजून लोक विचारतात, "शेठ, प्लॅन काढताना उचकी लागली होती काय?" माझा राग अजून गेलेला नाही.

फादर आता वसईला, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या आश्रमात असतात. परवा सुके बोंबील घेऊन गेलो. त्यांची नजर अधू झालीय. पुडकं नाकाशी धरून ओळखलं. मी सांगितलं, हिराची सुनंदा आता तिथंच प्राध्यापक आहे; आभाळ भरून आलं की शिकवणं सोडून बोंबील गोळा करायला धावते, मागोमाग अख्खा वर्ग. फादर खूप हसले.

मी संधी साधली. "पण फादर, इमारत सरळ हवी होती."

"बरं," म्हणाले आणि सवयीनं उठले. तिथं कोंबड्या नव्हत्या. क्षणभर तसेच उभे राहिले, मग माझा हात चाचपून, तो धरून पुन्हा शेजारी बसले.