सुकदेवच्या गुडघ्यांचे पट्टे

सरलाबाईला उगाच राग येतो, असं सुरतेत लिंबायतच्या त्या गल्लीत सगळे म्हणायचे. उगाच कशाला येईल? नवऱ्याचे गुडघे रोज संध्याकाळी सोलवटून घरी येत होते. ते बघून जिचं डोकं फिरणार नाही, ती बाई कसली?

नवरा म्हणजे सुकदेव. अमळनेरकडून सुरतेला आला, अर्धं आयुष्य मागावर उभं राहून काढलं आणि मागाच्या खडखडाटानं दोन्ही कान गमावून बसला; कानाशी ओरडलं तरच काय ते कळायचं. मग शेठनं कारखानाच विकून टाकला. शेठला काय, त्याचे कान शाबूत होते. ही पंच्याण्णव-शहाण्णव सालातली गोष्ट. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहरभर रस्ते रुंद होत होते, डांबरावर डांबर चढत होतं आणि त्याखाली पाण्याच्या लाइनीवरची लोखंडी झाकणं गडप होत होती. आधी गाडायची, मग हुडकायची, असा सगळा शहाणपणाचा कारभार.

हुडकायचं काम कांतीभाई नावाच्या ठेकेदाराकडे होतं. त्याच्याकडे एक यंत्र होतं. लांब दांडा, खाली थाळी आणि थाळीच्या वर काट्याची डबी. जमिनीत लोखंड असलं की काटा उडायचा आणि कानाला लावायच्या डबड्यात कुईकुई वाजायचं. बाकीची माणसं ते ऐकत उभ्या उभ्या चालायची. सुकदेवला कुठली कुईकुई ऐकू यायला? तो डबडं कानाला लावायचा, ऐकल्यासारखं तोंड करायचा आणि घडोघडी गुडघ्यावर बसून काटा बघायचा.

तो बहिरा आहे हे ठेकेदाराला कळलं असतं तर काम त्याच दिवशी गेलं असतं. चालत्या रस्त्यावर बहिऱ्या माणसाला कोण उभं करील? म्हणून घरात ठरलं होतं, याबद्दल बाहेर ब्रसुद्धा काढायचा नाही.

पण गुडघे कुणाचे जळत होते? उन्हात डांबर तव्यासारखं तापायचं, त्यात वर खडी. फोड फुटायचे, त्यावर नवे यायचे. सुकदेव म्हणायचा, ‘‘ऱ्हाऊ दे, व्हई बरं.’’ या ‘व्हई बरं’चाच सरलाबाईला सगळ्यात जास्त संताप यायचा. आयुष्यभर हेच ऐकलं होतं तिनं, आणि बरं काही झालेलं नव्हतं.

ती पर्वत पाटियाच्या चौकातल्या दवाईच्या दुकानात गेली. दुकानदारानं गुडघ्याला घालायच्या इलॅस्टिकच्या टोप्या दाखवल्या. तिनं एक कोपरावर चढवून बघितली, तर हाताला मुंग्या आल्या. भाव विचारला, तर त्यानं असा सांगितला की जणू आत नवीन गुडघा घालून देतोय. ‘‘पाय बरा करायचा आहे का तोडायचा?’’ असं म्हणून तिनं टोपी गल्ल्यावर ठेवली आणि निघाली.

मग टायरच्या ट्यूबचे तुकडे बांधून झाले. आत घामाची डबकी साचली आणि मांडीला रबराचा चट्टा उठला. गल्लीत साड्यांच्या चिंध्या तर पोत्यांनी पडलेल्या, फुकटच्या. पण तो सगळा पॉलिस्टरचा माल, तापल्या डांबरावर चिकटून बसणारा. शेवटी रिक्षावाल्या लोटूनं सीट बदललं, त्यातला जुना स्पंज तिनं मागून आणला. फाटक्या गोधडीचं सुती कापड त्याला दुहेरी लावलं. गुडघ्याच्या वाटीपाशी खोलगा ठेवला, म्हणजे हाडावर भार येणार नाही. वर आणि खाली रुंद नाड्या लावल्या, आणि मागची लवण मोकळी सोडली. पैसा म्हणाल तर सुईदोऱ्यापुरता. वस्तू अशी झाली की दुकानदारानं तोंडात बोट घालावं.

शेजारची प्रमिलाबाई बघायला आली आणि म्हणाली, ‘‘सुकदेवभाऊ दिवसभर चौकात बसस. लोक तठे उतारे टाकतस, लिंबू-मिरच्या टाकतस. त्याच्यावर गुडघा टेकायचा म्हणजे काय खेळ आहे का? आत लोखंड घाल काही तरी. पण त्याले सांगू नको, सांगं ते गुण जास.’’

हे मात्र सरलाबाईला पटलं. बाधा लोखंडाला भिते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. मुलाच्या, चेतनच्या बारशाला पाळण्यात तिनं स्वतःच्या हातानं विळा ठेवला होता. तिनं मूठभर खिळे आणले, दोन्ही पट्ट्यांत स्पंजाच्या आत शिवून टाकले आणि गप्प राहिली. आता तुम्ही म्हणाल, लोखंड हुडकणाऱ्याच्या गुडघ्यात लोखंड? पण ते यंत्र तिनं बघितलं कुठं होतं? सुकदेव झाकणं शोधतो, एवढंच तिला ठाऊक. कसा शोधतो ते बायकांना सांगायची पद्धत आपल्याकडे आहे का?

गुडघे बरे व्हायला लागले. खपली धरली. आणि सुकदेव शिव्या खायला लागला. तो गुडघा टेकील तिथं काटा उडायचा, मजूर खोदायचे आणि खाली माती. नवाकोरा रस्ता उंदरांनी पोखरल्यासारखा झाला. ठेकेदारानं त्याला चार माणसांत फाडून खाल्लं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

सरलाबाई दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन थेट पर्वत पाटियाच्या चौकात, कामाच्या जागी जाऊन उभी राहिली. पदर खोचलेला. ‘‘माझा माणूस खोटं काम करत नाही,’’ ती कांतीभाईला म्हणाली. ‘‘दाखवा त्याची चूक.’’

कांतीभाईनं यंत्र सुकदेवच्या हातात दिलं. सुकदेव गुडघ्यावर बसला, काटा उडाला. ‘‘इथं कालच खोदलंय, काही नाही खाली,’’ कांतीभाई म्हणाला. सुकदेव उठला, पलीकडे जाऊन बसला. पुन्हा काटा उडाला. सरलाबाईनं काट्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या गुडघ्यांकडे बघितलं, आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. तिनं खाली बसून पट्टे सोडले, दातानं शिवण उसवली आणि खिळे कांतीभाईच्या बुटांपुढे फेकले.

‘‘हे माझं काम. त्याला माहीतसुद्धा नाही. आता बघा.’’

काटा निपचित पडला. सुकदेव उघड्या गुडघ्यांनी रस्त्याच्या कडेकडेनं बसत-उठत गेला आणि एके ठिकाणी थांबला. मजुरांनी खोदलं. झाकण होतं.

कांतीभाई हसला. माणूस तसा वाईट नव्हता. म्हणाला, ‘‘ठीक छे, काले आवजे, ये उद्यापासून. पण हे गुडघ्यावर बसायचं नाटक बंद. बाकीचे उभे राहून ऐकतात, तसं ऐक. फार वेळ जातो.’’

इथं तिनं तोंड मिटायला हवं होतं. काम परत मिळालं होतं, घराकडे वळायचं होतं. पण ‘नाटक’ हा शब्द तिच्या डोक्यात गेला.

‘‘नाटक?’’ ती म्हणाली. ‘‘त्याला ऐकू येत असतं तर त्यानं गुडघ्यांची कातडी सोलून घेतली असती का?’’

कांतीभाईचं हसू गेलं. सुकदेव त्यांच्याकडे पाठ करून खड्ड्यापाशी वाकला होता आणि झाकणावरची माती हातानं पुसत होता. कांतीभाई त्याच्या मागं गेला आणि जोरात टाळी वाजवली. मजुरांनी माना वळवल्या. सुकदेव माती पुसत राहिला.

‘‘बेन,’’ कांतीभाई हळू आवाजात म्हणाला, ‘‘कल ट्रक के नीचे आ गया तो मैं किसको जवाब दूँगा? मत भेजना उसको.’’

त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला तिनं दोन शिव्या परत दिल्या असत्या. ठेकेदाराचा राग आला, प्रमिलाबाईचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो स्वतःच्या जिभेचा. ही जीभ हासडून चुलीत घालावी, असं तिला वाटलं.

सुकदेव हात झटकत आला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झाला होता.

‘‘काय म्हनस तो?’’ त्यानं विचारलं. ‘‘उद्या कवय येवानं, किती वाजता?’’

हळू सांगून भागणार नव्हतं. तिनं तोंड त्याच्या कानाला लावलं आणि भर चौकात ओरडली, ‘‘तुमले ऐकू येत नही, हाई मी सांगी दिधं.’’

शेजारून कामरेजकडे जाणारा एक ट्रक धडधडत गेला. सुकदेवनं कानामागं हात धरला आणि तिच्याकडे वाकला.

‘‘आखो एकदाव सांग,’’ तो म्हणाला.

तिनं पुन्हा सांगितलं.